आर्सेनलचा माणूस टॉटनहॅमच्या खुर्चीत: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की लंडनच्या टॉटनहॅम फुटबॉल क्लबचा नवा सीईओ विनय वेंकटेशम हा आधी चौदा वर्षं शेजारच्या कट्टर वैऱ्याकडे, आर्सेनलमध्ये होता. बस, तेवढ्यावरून एवढे प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलले. त्यात 23 नोव्हेंबर 2025 ला आर्सेनलने टॉटनहॅमला 4-1 धुतलं आणि मग तर काय, स्पर्सवाले (स्पर्स म्हणजे टॉटनहॅमच) रडतायत, आर्सेनलवाले मिठाई वाटतायत. मी स्वतः एव्हर्टनचा, शेवटची ट्रॉफी 1995 ची, त्यामुळे दोघांपैकी कुणाचाही पक्ष घ्यायचं मला कारण नाही. भाषा थोडी सौम्य केलीये, काही प्रश्न जसेच्या तसे छापले असते तर संपादकांनी मला घरी बसवलं असतं.

प्रश्न: मी 2010 पासून स्पर्सचा फॅन, बेलने सॅन सिरोवर इंटरला तीन गोल मारले त्या रात्रीपासून. एप्रिलमध्ये बातमी वाचली तेव्हा वाटलं कुणीतरी एप्रिल फूल उशिरा करतंय. अख्ख्या इंग्लंडमध्ये दुसरा माणूस मिळाला नाही का? आर्सेनलचाच का??? झोप उडालीये खरंच. (ठाणे)

उत्तर: तुमचं दुःख खरं आहे, आणि ते आजचं पण नाही, शंभर वर्षांचं आहे. आर्सेनल मुळात दक्षिण लंडनचा, वुलिचकडचा क्लब, 1913 मध्ये उठून हायबरीला आला, म्हणजे टॉटनहॅमच्या अगदी उंबऱ्यात येऊन बसला. मग 1919 मध्ये पहिला डिव्हिजन वीसवरून बावीस टीमचा करायचं ठरलं. युद्धाआधीच्या शेवटच्या सीझनला टॉटनहॅम त्यात तळाला होतं, पण जागा वाढतायत म्हटल्यावर आपण राहू असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मतदान झालं आणि दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पाचव्या-सहाव्या नंबरवर असलेल्या आर्सेनलला 18 मतं, टॉटनहॅमला 8. स्पर्स खाली, आर्सेनल वर. त्यावेळी आर्सेनलचा चेअरमन हेन्री नॉरिस, त्याने काय काय फिरवाफिरवी केली यावर लोक अजून भांडतात. आणि 2001 चं तर तुम्हाला सांगायला नको, टॉटनहॅमचा कॅप्टन सोल कॅम्पबेल कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर फुकटात आर्सेनलला गेला, त्याला आजही त्या भागात ज्यूडास म्हणजे गद्दार म्हणतात.

पण उलट दिशेनेही माणसं आलीयेत हे विसरू नका. जॉर्ज ग्रॅहम. आर्सेनलला 1989 आणि 1991 ची लीग जिंकून देणारा मॅनेजर, 1998 मध्ये टॉटनहॅमचा मॅनेजर झाला आणि पाचेक महिन्यांत 1999 चा लीग कप जिंकून दिला. लोकांनी काय केलं? त्याचं नाव घेऊन गाणं म्हणायला तयार नाहीत! नाव घ्यायच्या जागी 'रेनकोटवाला माणूस' म्हणायचे. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं, फक्त इथे कारण उलटं. कप हातात आहे, माणूस मान्य नाही. आणि टीम घसरायला लागल्याबरोबर तोच रेनकोट पहिल्यांदा आठवला.

वेंकटेशमचं तेच होतंय. 2025 च्या जूनमध्ये तो आला तेव्हा मे महिन्यात बिल्बाओला जिंकलेली युरोपा लीग ताजी होती, सतरा वर्षांनी ट्रॉफी आलेली, लोक एवढे खूश की सीईओ कोण हे बघायला वेळ कुणाला. नाकं मुरडली काहींनी, पण तेवढंच. आता घरच्या मैदानावर मार खातायत तर प्रत्येकाला त्याचा जुना आयडी कार्ड आठवतोय. (आमच्या एव्हर्टनलाही याच उन्हाळ्यात लीड्सवरून अँगस किनियर सीईओ म्हणून आला, तो त्याआधी वेस्ट हॅमला होता आणि आर्सेनललाही होता. माझ्या ग्रुपवर एकानेही चकार शब्द काढला नाही, सगळे नव्या स्टेडियमचे फोटो टाकत होते.)

प्रश्न: थँक यू विनय सर, काम चोख चाललंय 😂 एझेला आमच्याकडे पाठवल्याबद्दल विशेष आभार. सर, खरं सांगा, तो आमचाच माणूस आहे ना? (नागपूर, कट्टर गूनर म्हणजे आर्सेनलवाला)

उत्तर: हसा, आज तुमचा दिवस आहे. पण तारखा बघा जरा. एझे या प्लेअरचं प्रकरण ऑगस्टचं. क्रिस्टल पॅलेसबरोबर टॉटनहॅमचं जवळजवळ ठरलं होतं, तेवढ्यात आर्सेनलच्या हावर्ट्झच्या गुडघ्याचं दुखणं निघालं आणि आर्सेनलने मध्ये उडी मारली, पोरगं लहानपणापासून आर्सेनलचं, तेरा वर्षांचा असताना त्यांच्याच अकॅडमीने काढून टाकलेलं, एका फोनवर गेलं असणार ते. त्या वेळी टॉटनहॅममध्ये सौद्याचा शेवटचा शब्द तेव्हाचा चेअरमन डॅनियल लेवी याचा होता, आणि घासाघीस करताना शेवटच्या पैशापर्यंत ताणून धरायची त्याची ख्याती सगळ्या युरोपात आहे. वेंकटेशम ऑफिसात होता, हो, पण येऊन अडीच महिने झालेला माणूस. जुलैत मॉर्गन गिब्ज-व्हाइटचंही असंच फिसकटलं, नॉटिंगहॅम फॉरेस्टने कायद्याची धमकी दिली आणि पोराने तिथेच नवं कॉन्ट्रॅक्ट केलं. तो तर कुणी आर्सेनलने नेला नाही ना? मग हेराची थिअरी तिथे कशी बसवायची.

मान्य करतो, की ज्याला स्पर्सने जवळजवळ घेतला होता त्यानेच 23 नोव्हेंबरला त्यांच्यावर तीन गोल मारायचे हा दुष्काळात तेरावा महिना आहे. या डर्बीत, म्हणजे शेजाऱ्यांच्या मॅचमध्ये, हॅटट्रिक याआधी 1978 मध्ये झाली होती, आर्सेनलच्याच अॅलन संडरलँडची. सत्तेचाळीस वर्षं! स्पर्सवाल्यांनी कुणावर तरी राग काढणं भाग आहे आणि समोर आर्सेनलचा शिक्का असलेला माणूस आयता बसलाय.

प्रश्न: अहो माझा नवरा रविवारी रात्री दहाला टीव्हीसमोर बसतो आणि मॅच हरल्यावर बारा वाजता सीईओला शिव्या घालतो. चॅम्पियन्स लीग असली की रात्री दीडला सुरू. मला एवढंच सांगा की हा सीईओ नक्की करतो काय? गोल तर तो खात नाही. (पुणे, कोथरूड)

उत्तर: ताई, सगळ्यात शहाणा प्रश्न तुमचा. थोडक्यात सांगायचं तर सीईओ दुकान चालवतो. तिकिटाचा भाव, स्पॉन्सर, कर्मचारी, स्टेडियम भाड्याने देणं, बँक, लीगच्या मीटिंगा, आणि मालकाला दर महिन्याला हिशोब. प्लेअर कुठला घ्यायचा हे स्पोर्टिंग डायरेक्टर बघतो. टॉटनहॅमला 2025 च्या ऑक्टोबरात दोन झाले, योहान लांगे आणि तेव्हा परत आलेला फाबिओ पाराटिची. टीम कशी खेळवायची हे मॅनेजर, तो तेव्हा थॉमस फ्रँक. पण या तिघांना किती पैसे मिळणार आणि यातला कोण राहणार कोण जाणार, तिथे सीईओचा हात असतो. म्हणजे नवऱ्याच्या शिव्या अगदीच चुकीच्या पत्त्यावर जात नाहीयेत, फक्त एक मजला वर जातायत. मालक त्याच्याही वर, तिथपर्यंत आवाज जातच नाही.

दीडच्या मॅचसाठी उपाय माझ्याकडे नाही. माझी बायको हेडफोन लावायला सांगते आणि मी हेडफोन लावून ओरडतो.

प्रश्न: भावा, काय ते सीईओ बिईओ, आमच्या पेठेत असली भानगडच नाही. तालमीचं काय चुकलं तर संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन थेट विचारायचं. पण एक सांग, पाटाकडीलचा माणूस उद्या दिलबहारचा कारभार बघायला बसला तर चालंल का? आमच्यात तर राडा हुईल. (कोल्हापूर)

उत्तर: राडा होईल हे खरं, पण पोरं इकडून तिकडे जातातच की तुमच्याकडे. आज पीटीएमची म्हणजे पाटाकडीलची जर्सी, पुढच्या सीझनला शिवाजी तरुण मंडळ, नंतर प्रॅक्टिस नाहीतर खंडोबा, आणि शाहू स्टेडियमवर जुन्या पेठेची माणसं त्याला पहिल्या पंधरा मिनिटांत आईबहिणीवरून ऐकवतात आणि त्याने गोल मारला की गप्प बसतात. प्लेअरचं लोक समजून घेतात, पोट आहे, पैसे जास्त मिळाले, गेला. कारभाऱ्याचं मात्र समजून घेत नाहीत कारण कारभारी म्हणजे घरचा असं आपण धरून चाललेलो असतो.

तुमच्या प्रश्नातला कट्टा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तालीम वर्गणीवर चालते, हिशोब ठेवणारा त्याच गल्लीत राहतो, चुकला तर त्याला रोज दूध आणायला बाहेर पडावंच लागतं आणि लोक त्याला गाठतात. आता टॉटनहॅमचं बघा. मालक लुईस कुटुंब, फॅनने त्यांना मैदानात किती वेळा बघितलं असेल देव जाणे. पंचवीस वर्षं लोकांना दिसत होता तो एकटा लेवी, टकला, गंभीर चेहरा, डायरेक्टर्स बॉक्समध्ये बसलेला, कॅमेरा दर हरलेल्या मॅचला त्याच्यावर जायचा. तो बोलायचा नाही, मुलाखती नावाला, पण निदान दिसायचा तरी, शिवी घालायला चेहरा होता. 4 सप्टेंबर 2025 ला तो अचानक पायउतार झाला, म्हणजे केला गेला, आणि लोकांना कळेना की आता 'आऊट आऊट' ओरडायचं कुणाच्या नावाने. चेअरमन आला पीटर चॅरिंग्टन, तो नॉन-एक्झिक्युटिव्ह, रोजच्या कारभारात नाही. उरला वेंकटेशम. तो क्लबच्याच कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो, नीट बोलतो, पण कट्टा काही तो नाही रे भावा, तिथे उलटा प्रश्न विचारता येत नाही.

प्रश्न: लेवी खरंच एवढा वाईट होता का? मला तर वाटतं आता लोक त्याची आठवण काढतील. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: काढायला लागलेत पण. जायच्या थोडं आधीच्या एका मुलाखतीत तो स्वतःच म्हणाला होता की मी नसेन तेव्हा लोक मला श्रेय देतील, अशा अर्थाचं काहीतरी. माणूस हुशार.

हिशोब दोन्ही बाजूंनी मांडू. 2001 मध्ये त्याच्या हातात क्लब आला तेव्हा टॉटनहॅम म्हणजे मधल्या फळीतला, ना वर ना खाली. त्याने एनफिल्डला ट्रेनिंग ग्राउंड बांधलं, 2019 मध्ये 62,850 सीटचं नवं स्टेडियम उघडलं, ज्याच्यात एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉल होतं, बॉक्सिंग होतं, 2025 च्या जूनमध्ये बियॉन्सेचे सहा शो झाले, स्टँडच्या खाली गो-कार्टिंग सुद्धा आहे. क्लबची कमाई 2023-24 ला 52 कोटी 80 लाख पाउंड. दुकानदार म्हणून याला तोड नाही.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी पगारावर खर्च किती, तर कमाईच्या सुमारे 42 टक्के, लीगमध्ये सगळ्यात कमी. म्हणजे गल्ला भरलेला आणि स्वयंपाकघरात डाळीला फोडणी नाही. 2018 च्या उन्हाळ्यात एकही प्लेअर घेतला नाही, जानेवारीतही नाही, तरी मॅनेजर पोचेटिनोने 2019 ला चॅम्पियन्स लीगची फायनल गाठली, माद्रिदला लिव्हरपूलकडून 2-0 हरले, आणि नोव्हेंबरात त्यालाच काढला. त्याच्यानंतरच्या मोरिन्योला काढला तो लीग कप फायनलच्या सहा दिवस आधी!! फायनलच्या आधी!! असं करायला वेगळंच काळीज लागतं. 2023 ला स्ट्रायकर हॅरी केन बायर्नला विकला. फॅन्सनी बॅनर केलं होतं, 24 वर्षं, 16 मॅनेजर, 1 ट्रॉफी, बदलाची वेळ झाली. आणि मग नशिबाची गंमत बघा, ज्या सीझनला लीगमध्ये 38 पैकी 22 मॅच हरून सतरावे आले त्याच सीझनला ब्रेनन जॉन्सनच्या एका गोलवर युरोपा लीग जिंकले, बॅनर जुना झाला, आणि ती ट्रॉफी आणणाऱ्या मॅनेजर पोस्टेकोग्लूला सोळा दिवसांत नारळ.

माझं मत विचाराल तर लेवी वाईट नव्हता, तो एकाच कामात फार चांगला होता आणि दुसरं काम कुणाला करू देत नव्हता. आता सीईओ वेगळा, स्पोर्टिंग डायरेक्टर वेगळे, असं आलंय ते बरंच उशिरा आलंय. 2025 च्या ऑक्टोबरात मालकांनी दहा कोटी पाउंड आत टाकले, तेही लेवी गेल्यावर. ते पैसे कुठे लागतात ते बघा, मग त्याच्यासाठी रडायचं की नाही ठरवा.

प्रश्न: वेंकटेशम म्हणजे आपला भारतीय ना? मग आपण स्पर्सला सपोर्ट करायला पाहिजे असं माझे वडील म्हणतात. (नाशिक)

उत्तर: वडिलांना नमस्कार सांगा. भारतीय वंशाचा ब्रिटिश माणूस आहे, नाव दाक्षिणात्य. डेलॉइटला होता, मग लंडन 2012 ऑलिम्पिकच्या आयोजकांकडे, तिथून 2010 ला आर्सेनल, 2020 ला तिथला सीईओ, 2024 ला बाहेर. एवढ्या मोठ्या खुर्चीत आपल्यासारखं नाव बघून बरं वाटतं यात लाजायचं काही नाही, पण त्यावरून टीम निवडायची तर दोन वर्षांपूर्वी आर्सेनल निवडावी लागली असती आणि आता घरातल्या सगळ्या जर्स्या बदलाव्या लागल्या असत्या. खर्चिक आहे.

प्रश्न: आर्सेनलला असताना त्याने असं काय मोठं केलं? सगळं तर मॅनेजर आर्टेटाने केलं. (वास्को, गोवा)

उत्तर: आर्टेटाने केलं, पण आर्टेटाला कुणी ठेवला? दोन सीझन ओळीने आठवा नंबर, दुसऱ्या कुठल्याही मोठ्या क्लबात दोर कापला असता. वरच्या लोकांनी कापला नाही, त्या वरच्यांत हा होता. मग पाचवा नंबर, आणि हा जाईपर्यंतची पुढची दोन वर्षं दुसरा. थॉमस फ्रँकसाठी ही चांगली खबर होती, निदान कागदावर तरी.

त्याच्या नावावर वाईटही आहे. 2020 च्या कोविडमध्ये 55 नोकऱ्या कमी करायची घोषणा झाली, त्याच सुमाराला गनरसॉरस म्हणजे त्यांच्या हिरव्या डायनॉसॉरच्या आतल्या माणसाचंही काम गेलं, आणि त्यांचाच प्लेअर ओझिल म्हणाला त्याचा पगार मी देतो, तेव्हा क्लबची जी शोभा झाली ती झाली. 2021 च्या एप्रिलला बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगमध्ये सही करणाऱ्या सहा इंग्लिश क्लबांत आर्सेनल होतं, टॉटनहॅमही होतं, दोन दिवसांत सगळे शेपूट घालून परत. त्यानंतर मात्र फॅन्ससमोर जाऊन माफी मागायला तो बसला, आणि पुढे आर्सेनलच्या एमिरेट्स स्टेडियमचं वातावरण सुधारायला फॅन्सना हाताशी घेऊन खरंच काम झालं, स्टेडियमच्या बाहेरची नवी चित्रं, गोलमागे गाणारा ग्रुप, वगैरे. जे स्टेडियम लायब्ररी म्हणून बदनाम होतं तिथे आता आवाज असतो.

तुम्ही वास्कोचे म्हणून आठवलं, 2016 ला साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुबे द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले तेव्हा तुमच्याकडच्या फॅनला कुणी विचारलं होतं? आणि 2025 चा डिसेंबर उजाडला तरी आपल्या आयएसएल लीगचा पत्ता नव्हता. लंडनवाले निदान सीईओ कुठून आला यावर भांडत होते, आपण लीग कधी सुरू होणार यावर.

प्रश्न: मी लंडनला असते, सासरे स्पर्सचे जुने सीझन तिकीटवाले, मूळचे सांगलीचे पण इथे चाळीस वर्षं काढली. त्यांना आर्सेनल-बिर्सेनलचं काही नाही, त्यांचा राग ज्येष्ठांच्या सवलतीवरचा आहे. नवा माणूस ती परत आणेल का? त्यांनी मुद्दाम विचारायला सांगितलंय. (हॅरो, लंडन)

उत्तर: सासऱ्यांना आधी साष्टांग, चाळीस वर्षं स्पर्स बघून तब्येत ठीक असेल तर माणूस पोलादी.

2024 ला लेवीच्या काळात सवलतीला कात्री लागली, नव्या ज्येष्ठांना सवलतीचं सीझन तिकीट बंद, जुन्यांची हळूहळू कमी. 'सेव्ह अवर सीनियर्स' म्हणून लोक बॅनर घेऊन उभे राहिले, बाकीच्या क्लबांचे फॅनसुद्धा सोबत आले. 2025-26 ला सीझन तिकिटाचे भाव गोठवले, पण ते ठरलं वेंकटेशम यायच्या आधी, त्यामुळे त्याचं पुण्य त्याच्या खात्यात टाकू नका. मला विचाराल तर या माणसाची परीक्षा इथे आहे. एझे गेला, गेला, दर वर्षी कुणीतरी जाणारच. 62,850 सीटच्या स्टेडियममध्ये म्हाताऱ्यांच्या सवलतीने क्लबचं असं किती बुडणार आहे, आणि 2026-27 चा सीझन तिकिटाचा भाव हा त्याच्या सहीने निघणारा पहिलाच. आर्सेनलला फॅन्सशी बोलून गोष्टी करता येतात हे त्याने बघितलंय, मग इथे का नाही.

सासऱ्यांना सांगा पत्र लिहा, मेल नको, हाताने लिहिलेलं पत्र, चाळीस वर्षांचा हिशोब टाकून. आणि उत्तर आलं तर मला फोटो पाठवा, छापतो.

प्रश्न: फुलहॅमच्या मॅचला स्पर्सचा गोलकीपर विकारिओवर त्याच्याच लोकांनी हुर्यो उडवली. फ्रँक म्हणाला ते खरे स्पर्स फॅन नाहीत. तुमचं काय मत? (ठाणे, दुसरे)

उत्तर: गोलकीपर बॉक्सच्या बाहेर येऊन बॉल असा देत असेल तर माझ्या तोंडूनही निघालं असतं. पण मॅच चालू असताना त्याच्या प्रत्येक टचला ओरडणं हे मला पटलं नाही, तो अजून घाबरणार, अजून चुकणार. आणि मॅनेजरने फॅनला खरा-खोटा ठरवायच्या भानगडीत पडू नये, तिकीट त्याने काढलेलं असतं. ठाण्याचे पहिले वाचक आणि तुम्ही एकाच ग्रुपमध्ये आहात का? दोघांच्या पत्रात 'झोप उडालीये' आहे.

प्रश्न: जानेवारीत नवा प्लेअर कोण येणार? (सातारा)

उत्तर: स्पोर्टिंग डायरेक्टरला विचारा.